दालनातला रिकामा पाळणा

आमच्या भिवंडीत चित्रांचं संग्रहालय आहे म्हटलं की पाहुणे आधी हसतात. भिवंडी म्हणजे लूम, गोदामं आणि ट्रक, तिथे कसली आलीय कला? पण आहे बरं का. पूर्वी सुताचं गोदाम होतं, दुमजली. खाली आपल्याकडच्या वस्तू मांडल्यात. वारली चित्रं, खाडीतल्या होड्यांचे छोटे नमुने, एक जुना हातमाग. वर लांबच्या लांब एक दालन, ते बाहेरगावाहून येणाऱ्या प्रदर्शनांसाठी ठेवलेलं. खिडक्या बंद असल्या तरी शेजारच्या लूमची खटखट आत येतेच. ती कोण अडवणार?

आमची सून तिथे कामाला आहे. काम काय, तर दालनात खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची आणि हात लावू नका म्हणून सांगायचं. हे काम तिला मिळालं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. पगारासाठी नव्हे हो. तिचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं, आणि त्यानंतर पोर बोलायचीच थांबली. विचारलं तर हो, नाही, एवढंच. संग्रहालयात जायला लागली, चार माणसं दिसली, शाळेची पोरं दिसली, आणि हळूहळू घरी येऊन सांगायला लागली, आई, आज एकाने असं विचारलं, आज एक म्हातारा होड्यांपाशी तासभर बसला. म्हणून पुन्हा दिवस गेले तेव्हा काम सोड असं घरात कुणी म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, बसून काम आहे ना, करू दे.

सातवा लागला आणि दिल्लीहून ते फिरतं प्रदर्शन आलं. नव्या पद्धतीची कला. मोठमोठ्या लाकडी पेट्या ट्रकमधून उतरल्या आणि त्यांच्याबरोबर एक बाई आल्या, बारीक केस कापलेल्या, हातात पांढरे मोजे. प्रदर्शन जिथे जाईल तिथे त्या जातात. पहिल्याच दिवशी सून मला हौसेने घेऊन गेली. मला आवडतं हो बघायला, कळो न कळो. एका भल्यामोठ्या चौकटीत नुसता निळा रंग होता. मी म्हटलं, "हे अर्धवटच राहिलंय की गं!" ती म्हणाली, "आई, जरा उभ्या राहा." उभी राहिले, आणि खरं सांगते, पहाटे खाडीच्या काठावर उभं राहिल्यासारखं झालं. पुढे एका टीव्हीवर एक बाई केस विंचरत होती, विंचरणं काही संपेना. मी हसतहसत पुढे गेले आणि दालनाच्या टोकाला माझे पाय थांबले.

तिथे पाळणा होता. लाकडी, जुन्या घडणीचा, साखळ्यांना टांगलेला. आत कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. आणि तो हलत होता. बाजूला एक लहानशी मोटार, तिची दांडी पाळण्याला जोडलेली. कुर्र... कुर्र... दिवसभर. आणि त्याच्यापासून तीन हातांवर माझ्या सुनेची खुर्ची.

रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. लहान पोर जरी खेळता खेळता हलवायला लागलं तर घरातली कुणीतरी बाई हातातलं काम टाकून धावते. का, म्हणून विचारायचं नसतं. ज्याच्यासाठी पाळणा आहे त्या जिवाला ते सोसत नाही, एवढंच ठाऊक. आणि इथे सातव्या महिन्यातली पोरगी त्या कुर्रकुर्रीशेजारी बसणार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत!

मी खालच्या आवाजात म्हटलं, "पोरी, खुर्ची दुसरीकडे मागून घे."

"आई, ही कला आहे. ज्यांनी केलंय ना, त्या बाईंचं मूल..." ती तिथेच थांबली. मग म्हणाली, "असं काही नसतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

घेऊ नका म्हटलं म्हणून मन ऐकतं का? दुपारी डबा घेऊन मी रोज जायची. रोज बघायची, ती पाळण्याकडे पाठ करून बसलेली. पुन्हा घरी आल्यावर गप्प. विचारलं तर हो. विचारलं तर नाही.  काम सोड म्हणावं तर ती पुन्हा घरात कोंडली जाईल, न म्हणावं तर हे असं. मुलाला सांगितलं, तो गोदामातली ड्युटी करून आलेला, म्हणाला, "आई, तू तिला घाबरवू नकोस हां." म्हणजे मीच घाबरवणारी!

शेवटी न राहवून मी विहीणबाईंना फोन केला. त्या दिघाशीच्या. भातशेतीत राबलेली बाई, बोलणं सरळ. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी येतंय."

दुसऱ्या दिवशी आल्या त्या कापडी पिशवी छातीशी धरून. रिक्षात मी म्हटलं, "द्या, मी धरते."

"नको. मना जर न्हाय."

जड नाही म्हणत होत्या आणि चालताना एका अंगाला कलत होत्या. मला वाटलं, कंबर धरली असेल. दाराशी पिशव्या ठेवायला सांगतात, तिथे त्यांनी रिकामी पिशवी गुमान काढून दिली. पदर मात्र पोटाशी घट्ट धरलेला.

वर शाळेची पोरं आली होती. सून त्यांना निळ्या चित्रापाशी गोळा करत होती. आईला बघून तिचा चेहरा फुलला, पण लगेच कपाळाला आठी. "आये, तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

"चित्रां बघाला," विहीणबाई म्हणाल्या आणि सरळ पाळण्याकडे गेल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही बोला तिच्याशी. तुमाना बोलाला आवरतं."

मला बोलायला आवडतं, हा टोमणा होता, पण मी बोलत राहिले. डब्यात काय आहे ते सांगितलं, वालाची भाजी थोडी तिखट झालीय सांगितलं. आणि मागून आवाज आला. कुर्र नव्हे. धप्प!

मग पुन्हा, धप्प. दुसऱ्या बाजूला, धप्प.

सगळी पोरं तिकडे धावली. "अरे, दगडाचं बाळ!" एक ओरडलं, आणि हसू फुटलं.

पाळण्यात वरवंटा होता. अंगडं घातलेला, टोपडं बांधलेला. आमच्याकडे बारशाला असंच करतात, बाळाच्या आधी वरवंटा सजवून पाळण्यात घालतात, म्हणजे पाळणा रिकामा राहत नाही आणि बाळ दगडासारखं टणक होतं. विहीणबाईंनी तेच केलं होतं. पण बारशाचा पाळणा बायका हलक्या हाताने हलवतात, हा मोटारीने हलणारा. गोल दगड तो, इकडून तिकडे गडगडायला लागला. एकेका दणक्याला साखळ्या तणत होत्या. मोटारीची दांडी वाकली, आतून गुरगुर आली, आणि जळक्या वायरचा वास पसरला. पाळणा तिरकाच थांबला.

सुनेने पोरांना मागे सारलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. मग आईकडे बघितलं. तशी नजर मी तिची कधी पाहिली नव्हती.

"आये, काय केलंस तू?"

"रिकामा व्हता. आता न्हाय."

संग्रहालयाचे साहेब धावत वर आले, मागोमाग दिल्लीच्या बाई. साहेबांचा चेहरा लाल. "हे कुणाचं काम? लाखमोलाची वस्तू आहे ही! उद्या सकाळी पाहुणे येणार आहेत!" विहीणबाई पुढे व्हायला लागल्या, मी त्यांचा हात धरला. मनात म्हटलं, मीच म्हणते माझं काम आहे, पोरीच्या माथी नको. तोंड उघडलं, तर सूनच बोलली.

दिल्लीच्या बाईंनी विचारलं होतं, "ये किसने रखा?"

"मेरी माँ ने."

"क्यों?"

  सुनेने पोटावर हात ठेवला. हिंदी तिची चांगली आहे, पण त्या वेळी एक एक शब्द शोधून काढल्यासारखी बोलली. आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत, म्हणाली. माझं पहिलं गेलं. हे दुसरं आहे. मी रोज याच्याशेजारी बसते. आणि मग मराठीतच म्हणाली, बाईंना कळो न कळो, "मी त्याच्याकडे पाठ करून बसते हो. पण कानांनी पाठ कशी करायची? एकेक कुर्र ऐकू येते आणि मी आत बघत बसते, हललं का, हललं का. कधी दुपारभर हलत नाही, मग मला वाटतं, झालं..."

 मला वाटत होतं ती आम्हा दोघींना अडाणी समजते. आणि पोर आमच्याहून जास्त घाबरलेली, एकटीच!

साहेबांना हे सगळं नको होतं. "हे बघा, घाबरण्याचा प्रश्न नाही, ड्युटी म्हणजे ड्युटी. तुमच्या घरच्यांनी नुकसान केलंय. उद्यापासून तुम्ही..."

"साहेब," सून म्हणाली, "पहिल्याच दिवशी मी तुमच्याकडे आले होते. खुर्ची बदला म्हटलं होतं. तुम्ही हसलात. म्हणालात, शिकलेल्या मुली असं बोलतात का."

मग तेच तिने बाईंना हिंदीत सांगितलं. दिल्लीच्या बाईंनी साहेबांकडे बघितलं. "मुझे किसी ने बताया नहीं," त्या म्हणाल्या. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला, पुन्हा खिशात घातला.

बाईंनी मग पांढरे मोजे चढवले. पाळण्यात वाकल्या आणि वरवंटा उचलला, दोन्ही हातांनी, एक हात टोपड्याखाली. विहीणबाई माझ्या कानाशी लागल्या. "बघा, कसा धरला. बालाचं डोकं धरावं तसा. शिकलेली हाय, पन समजतं तिला." मला त्या वेळी रडू येत होतं की हसू, देव जाणे. बाईंनी वरवंटा त्यांच्या हातात दिला. रागावलेल्या होत्याच त्या, उगाच कशाला खोटं सांगू. म्हणाल्या, असं पुन्हा करू नका, हे काम जिने केलंय तिला आज फोन करून मला सांगावं लागेल, आणि मला ते सोपं जाणार नाही.

विहीणबाईंनी वरवंटा पोटाशी घेतला. "तिला सांगा, मी तिचा वाईट न्हाय चिंतला." सुनेने ते हिंदीत सांगितलं. बाईंनी मान हलवली.

मोटार दुरुस्त करणारा शोधायला भिवंडीत कितीसा वेळ लागतो? गल्लीतल्या लूमचा एक मेकॅनिक चहाचा ग्लास हातात घेऊनच वर आला. त्याने पाळण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता उकिडवा बसला. दांडी सरळ केली, जळालेली वायर बदलली. आम्ही दोघी विहिणी भिंतीशी उभ्या. सून तिच्या खुर्चीवर नव्हती, खुर्चीच्या मागे उभी होती, खुर्चीची पाठ धरून. तिचं काम गेलं की राहिलं, अजून कुणी बोललं नव्हतं. आणि मला त्या वेळी कामाचं काहीच वाटत नव्हतं, सगळा जीव त्या भिंतीवरच्या बटणात अडकलेला.

"मॅडम, चालू करून बघू?" मेकॅनिकने विचारलं आणि हात बटणाकडे नेला.

"थांबा," सून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तो थांबला. ती साहेबांकडे वळली. "मी बाहेर जाते, मग चालू करा. आणि उद्यापासून मी खालच्या दालनात बसेन. तिथे ड्युटी नसेल तर तसं आत्ताच सांगा, मी येणार नाही."

 हीच का ती, हो-नाहीवर दिवस काढणारी? काम गेलं असतं तरी चाललं असतं मला त्या क्षणी.

साहेब खाली बघून म्हणाले, "खाली बसा. होड्यांपाशी." मग थोड्या वेळाने, "जिना जपून उतरा."

आणि वर कोण बसणार, असं मेकॅनिकनेच विचारलं, चौकस माणूस.  दिल्लीच्या बाईंनी ती खुर्ची ओढली आणि त्या स्वतःच बसल्या, पाळण्याकडे तोंड करून.

आम्ही जिन्यात होतो तेव्हा वर कुर्र सुरू झालं. सून एका पायरीवर थबकली. विहीणबाईंनी तिचा दंड धरला, मी दुसरा धरायला गेले, तर तिने दोघींना झटकलं. "पुन्हा दोघी मिळून इथे पाय ठेवलात तर बघा. दारातल्या माणसाला सांगून ठेवणार आहे मी, या दोन बायका दिसल्या की गेट लावून घे."

"तुझी सासू बोलत व्हती तेवऱ्यान मी काम केलं," विहीणबाई म्हणाल्या. "अर्धा दोष तिचा."

"आणि दगड कुणाचा?" मी म्हटलं.

"दगड माझ्या सासूचा. तिला विचारा."

रिक्षात कोन गावापर्यंत रस्ता खड्ड्यांचा. ट्रकांच्या रांगा, हॉर्न, धूळ. पोरगी आमच्या मधोमध बसली होती. मी तिला विचारणार होते, आज हललं का, पण विचारलं नाही. वळणावर बघते तर ती झोपलेली, तोंड थोडं उघडं, मान आईच्या खांद्यावर. माझ्या नव्हे, आईच्या. विहीणबाई खड्डा आला की हात पुढे धरायच्या, ती हलू नये म्हणून. रिक्षावाल्याला मी म्हटलं, "भैया, धीरे चलाओ, कोई जल्दी नहीं है."