शेळी, कुरड्या आणि धावतं वर्णन

नंदनवन वस्तीतल्या रुपरावांना गाण्यांचं फारसं वेड नव्हतं. तरुणपणी ते हातमागावर लुगडी विणायचे. रेडिओवर गाणं लागलं की पाय त्याच्या ठेक्यावर पडायचा आणि वीण बिघडायची; बोलणं मात्र मागाच्या खटखटीत छान मिसळून जायचं. माग केव्हाच गेला, नंतरची बुटीबोरीच्या कारखान्यातली नोकरीही संपली, पण बोलणं ऐकायची गोडी राहिली. सकाळच्या बातम्या, शेतीचा सल्ला, महिलांचा कार्यक्रम, डॉक्टरांशी गप्पा, कधी नाटक. संस्कृत बातम्या त्यांना अजिबात कळत नसत, पण बोलणारी बाई मोठी स्वच्छ बोलते म्हणून त्याही ऐकायचे. स्वतःची वीतभर जमीन नव्हती, तरी कपाशीवर अळी पडल्याचं ऐकलं की दिवसभर काळजीत असायचे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लागला, टीव्ही बंद झाला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, रेडिओ होता. एके दिवशी दुपारी तर हॉकीच्या सामन्याचं धावतं वर्णन होतं. नेमकं त्याच सकाळी आवाज वाढवायला त्यांनी हात पुढे केला, अंदाज चुकला आणि रेडिओ फळीवरून पडून गप्प झाला.

मुलगा संजीव कामावर जाताना तो दुरुस्तीला टाकून गेला. दुकानदारानं उद्याचा वायदा केला. सून हर्षा म्हणाली, मोबाइलवर लावून देते. पण मोबाइलमधला आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, म्हणून रुपरावांनी नको म्हटलं आणि ते अंगणातल्या खाटेवर जाऊन बसले. चहा निवून गेला तरी कपाला हात लावला नाही.

हर्षा सावनेरकडची. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण घरात ती कामापुरतंच बोलायची. सासऱ्यांशी तर तेवढंही नाही. त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिला राहवेना. तिनं पेपर आणला आणि उंबऱ्यात बसून, रेडिओवर वाचतात तशा ठळक बातम्या वाचायला घेतल्या. रुपरावांनी मान वळवली. बातम्या संपल्यावर वच्छलाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, आतूनच कैरीच्या पन्ह्याची कृती सांगितली. मग शेजारच्या यमुताई आल्या. त्या स्वतःच्या गुडघ्यांबद्दल इतका वेळ बोलल्या की आरोग्याचा कार्यक्रमही पार पडला. रुपराव हसले. जेवलेही नीट.

दुपारी सामन्याची वेळ झाली तसे ते पुन्हा खाटेवर जाऊन बसले. अंगणात दुसऱ्या खाटेवर वच्छलाबाईंच्या कुरड्या वाळत होत्या. तेवढ्यात उघड्या फाटकातून यमुताईंची शेळी आत शिरली. हर्षा दारातच उभी होती. काय झालं तिलाही कळलं नाही, पण तोंडातून आवाज निघाला, भरभर, चढत जाणारा.

"आणि डाव्या बाजूनं शेळी आत येते आहे, समोर कुरड्यांची खाट, बचाव करणारं कोणीच नाही! वच्छलाबाई स्वयंपाकघरातून धावत निघाल्या आहेत, हातात लाटणं, शेळीनं चकवा दिला, खाटेखालून पलीकडे, वच्छलाबाई वळल्या, पदर सावरला..."

एकदम तिच्या लक्षात आलं की आपण सासूचं नाव घेतलं, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. तिनं जीभ चावली.

"थांबली काहून वं?" रुपराव म्हणाले. "शेळी कुठं गेली ते तं सांग."

धापा टाकत उभ्या असलेल्या वच्छलाबाई सुनेकडे बघत होत्या. "सांग ना," त्या म्हणाल्या. "पण मी हरली असं नको सांगू."

हर्षानं सांगितलं. तोवर भिंतीपलीकडून चार-पाच डोकी वर आली होती. शेळीनं तोंडभर कुरड्या नेल्या, पण शेवटी वच्छलाबाईंनी तिला फाटकाबाहेर काढलं तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या. रुपराव तर हसून हसून खोकायला लागले. हे कुठं शिकली, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं की गावात शाळेच्या मैदानावर कबड्डीचे सामने व्हायचे आणि माइक तिच्याकडे असायचा. लग्नानंतर असलं काही कोण विचारणार, असं धरून ती गप्प राहिली होती.

रेडिओ दुसऱ्या दिवशी परत आला. पण तोवर यमुताईंनी ही गोष्ट गावभर केली होती. वस्तीतल्या कबड्डी मंडळाचे भैयाजी आठवड्याभरातच घरी आले. स्पर्धेत वर्णन करायला कोणी मिळत नव्हतं. हर्षानं सासूकडे पाहिलं.

"जाईल ना," वच्छलाबाई भैयाजींना म्हणाल्या. "मी बी येतो संगं."

पहिल्या सामन्यात हर्षा सुरुवातीला जरा जपूनच बोलत होती. मग एक गडी रेषेला हात लावायला आडवा झेपावला आणि तिनं त्याचं असं वर्णन केलं की खाली पडलेला तो गडीसुद्धा हसत उठला. त्यानंतर तिनं मागे वळून पाहिलं नाही. रुपराव शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगत होते की ही आमची सून आहे. थोड्या वेळानं त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

सामना संपल्यावर लोक खेळाडूंभोवती जमले. वच्छलाबाई मात्र थेट माइकपाशी गेल्या आणि सुनेच्या हातात पाण्याची बाटली दिली. घसा सुकला असेल, म्हणाल्या, अजून दोन सामने बाकी आहेत.