विहिरीपाशी वाकलेला रस्ता

“माह्या हिरीवर चुना टाकशील तं तुलेच त्या चुन्यात कालवून पानाले लावीन!”

मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, असे ओरडले की पार आर्वीच्या बसस्टँडवरची कबुतरं उडाली. समोर रस्त्याचा ओव्हरशियर. त्याच्या माणसांनी आखलेली पांढरी रेघ वर्ध्याकडून नाकासमोर आली होती ती थेट आमच्या विहिरीत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाडीवाटेचा राज्य महामार्ग होऊन राह्यला होता. त्याआधी ती वाट कसली, काळ्या मातीचं पोटच होतं. एका पावसाळ्यात तिने अख्खी बैलगाडी गिळली. उन्हाळ्यात गाडी वर आली तेव्हा बैल म्हातारे झालेले होते.

विहीर मोठ्या बाबांनी स्वतः खणलेली. पाणी एवढं गोड की चहात साखर टाकली तर चहा रुसायचा. मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ओव्हरशियरला ते पाजलं, भाकरी-झुणका वाढला आणि जाताना संत्र्यांची पाटी दिली. दुसऱ्या दिवशी रेघ विहिरीला वळसा घालून गेली. पुढे डांबरही तसंच गेलं.

“सरकार वाकवलं मी!” मोठे बाबा पारावर सांगत फिरायचे.

मग त्या वळणावर कापसाचा ट्रक उलटला. त्या हिवाळ्यात आमच्या गावात कुत्रेही गादीवर झोपले. नंतर कांद्याचा उलटला, तर गाव महिनाभर रडत रडत जेवलं.

“मोठे बाबा, वाकवाचंच होतं तं सोन्याचा ट्रक येईन असं वाकवा ना!” पारावरचे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने मोठे बाबाच हसायचे.

पुढे कापसाच्या जिनिंगमधून सायकलीने घरी निघालेला एक हमाल तिथे ट्रकखाली आला. यात माझ्या पदरचं काही नाही. मोठ्या बाबांनी विहिरीवरून पाण्याची बादली धावत नेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी त्याच्या ओठांवरून घरंगळत मातीत गेलं.

तेव्हापासून हॉर्न वाजला की मोठे बाबा ताटावरून उठायचे. मोठ्या आईने आपलं लाल लुगडं वळणावरच्या बाभळीला बांधलं. उन्हाने ते विटलं की दुसरं बांधायची.

“लुगडे सरले का मी काय डांबर नेसू?” ती विचारायची. कबुतरं उडवणारा माणूस खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

वयाची ऐंशी उलटल्यावर एका उन्हाळ्यात ते मला घेऊन वर्ध्याच्या कचेरीत गेले. इतकं हळू बोलले की साहेबाला दोनदा विचारावं लागलं.

“हीर मी बुजवून देतो, साहेब. पन रस्ता सिधा करा. आमच्या हिरीपाशी मोड हाय, तो काढून टाका. मानसं मरून राह्यले.”

साहेबाने टेबलावर नकाशा पसरला. वर्ध्यापासून बोट फिरवत आर्वीकडे नेलं. आमच्या गावाशी ते जरासुद्धा वळलं नाही.

“तिथं मोड नाही, बाबा,” तो म्हणाला. “रस्ता सरळच आहे.”