नक्कलबाई आणि दोन टिंबं

नक्कलबाईला तोंडी उत्तर चालत नसे. तुम्ही रामराम घातलात तरी ती आधी तुमच्या हाताकडे बघायची, हातात कागद आहे का म्हणून. "तोंडाचं तोंडात ऱ्हातं भाऊ. लिवलेलं दावा," हे तिचं ठरलेलं वाक्य.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत नक्कलनवीस होतो. जुनी दप्तरं काढायची आणि मागेल त्याला हव्या त्या कागदाची हुबेहूब नक्कल करून द्यायची, एवढंच काम. राज्य निजामाचं, म्हणून सगळं उर्दूत. बाई आखाडा बाळापूरची. तिचं खरं नाव अर्जावर कितीदा वाचलं असेल, पण आम्ही कारकुनांनी थट्टेनं ठेवलेलं नक्कलबाई हेच तोंडात बसलं. आता लाज वाटते.

तिला एकच मुलगा, नाना. कुठंसा झेंडा लावला म्हणून सत्तेचाळीसात त्याला धरून नेलं. कुठल्या तुरुंगात, जिवंत की मेला, काही कळेना. मग गावात कुणीतरी बातमी आणली की पोरगं तापानं तुरुंगातच गेलं. झालं! सुनेचं कुंकू पुसायला भावकी दारात. बाई उंबऱ्यात आडवी बसली. "सरकारानं नेलं न्हवं? मंग सरकारानं लिवून द्यावं. कागुद आल्याबिगर माझ्या सुनेच्या कपाळाला कुनी हात लावायचा न्हाई."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी ती कचेरीत हजर. अर्ज एकच, कैद्यांच्या यादीची नक्कल मिळावी. साहेब खेकसायचे, "हर हफ्ते कायकू आती?" ती शांतपणे म्हणायची, "लेकरू तुमच्यापाशी हाय, म्हून येऊन राहिले." चपराशानं हाकललं तर पायरीवर बसायची, पायरीवरून हाकललं तर फाटकात. दुपारी फडकं सोडलं की अर्धी भाकर माझ्या टेबलावर आणून ठेवायची. "खा भाऊ. उपाशी मानसाला बारीक अक्षर दिसत न्हाई." टोमणा होता तो, मला कळायचं. तरी मी मुकाट खायचो.

आणि मी शोधलं नाही असं नाही हो! यादी अक्षरवार होती. 'न'मध्ये नाना नव्हताच. "नाव न्हाई, मावशी," मी सांगायचो. "मंग न्हाई म्हून तरी लिवून द्या." पण 'नाही' लिहून द्यायलाही साहेबांची सही लागते, आणि ती करायला साहेब काय खुळे होते!

अठ्ठेचाळीसात निजामाचं राज्य गेलं. तुरुंग उघडले, पोरं गावोगाव परतली, गुलाल उधळला गेला. नाना आला नाही. त्या धांदलीत दप्तर आवरताना तीच यादी हाती आली आणि 'ब'मध्ये नजर थांबली. बाबा वल्द सखाराम, राहणार बाळापूर, तापानं मयत. बापाचं नाव तेच, गाव तेच, धरल्याचा दिवसही तोच. उर्दूत नाना आणि बाबा यांत फरक फक्त दोन टिंबांचा. वर दिली की नाना, खाली दिली की बाबा. कुणा घाईतल्या कारकुनानं ती खाली दिली होती. वर्षभर मी गाढवासारखा 'न' चाळत बसलो होतो.

नक्कल म्हणजे मुळाबरहुकूम. मुळातली चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची. मी बाबा असंच लिहिलं आणि बाजाराच्या दिवशी तिला वाचून दाखवलं. ती क्षणभर माझ्या बोटाकडे बघत राहिली. "बाबा? माझा तर नाना हाय," म्हणाली आणि कागद घेऊन उठली.

मला राहवलं नाही. फाटकात तिला गाठलं आणि टिंबांची सगळी हकीकत सांगितली. "मावशी, साहेब आता नवे आहेत. एक अर्ज दे, नाना अशी दुरुस्ती करून घेतो. पोराचे दिवस तरी घालता येतील."

ती फाटकाशीच खाली बसली. कागदाची घडी करत म्हणाली, "मी काय येडी हाय व्हय, भाऊ? बापाचं नाव वाचलंसा तवाच कळलं. पन सून एकोणीस वर्साची हाय. पांढऱ्या कपाळानं भावकी तिला जगू देईल का? हे असंच राहू द्या."

"आणि नाना?"

"त्याच्यासाठी रडीन की. शेतात जाऊन रडीन." मग डोळे पुसून म्हणाली, "तुमी सरकारी मानूस. येऊन एवढं वाचून दावा."

गेलो. भावकी ओसरीवर, सून दाराआड. मी खड्या आवाजात वाचलं, बाबा वल्द सखाराम. सखाराम काय, गावात चार होते. म्हातारे एकमेकांकडे बघू लागले, कुणी 'मग हा आपला नव्हंच' असं पुटपुटलं. सगळ्यांदेखत नक्कलबाईनं आकाशाकडे हात जोडले.

"कुन्या मायचं लेकरू गेलं असंल," ती म्हणाली, "देव तिला बळ देवो."