न जळणारे गोळे

गोळेकाकांचं खरं नाव आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. उभी हयात कोळशाच्या वखारीत गेली, आणि वखार जो चुरा फेकून द्यायची तोच गोळा करून त्यांनी म्हातारपणी धंदा काढला. चुरा चाळायचा, चिकणमाती आणि पिठाची खळ घालून मळायचा, मुठीत दाबून गोळे वळायचे, अंगणात वाळवायचे. माती घालायचं काम काकांचं, खळ काकूंची. संसारातही एक कडक नि एक चिकट, असं काकूच म्हणतात.

माझं धुलाईचं दुकान या गोळ्यांवर चालतं. पण हल्ली माझं डोकंच चालेना. शेगडी पेटवावी तर नुसता धूर. पाणी कोमट होऊन बसायचं. संध्याकाळी राख काढायला जावं तर गोळा विटकरी झालेला, पण जसाच्या तसा! मी जाळी बदलली, धुरांडं झाडलं, नवऱ्यावर खेकसले.

"गोळेच खराब असतील," नवरा म्हणाला.

काकांच्या मालात खोट? छे! पण गिऱ्हाइकं कपड्यांवरचे डाग दाखवून भांडायला लागली, तेव्हा नाइलाजाने निघाले. आजपासून गोळे बंद, असं सांगायचं ठरवलं. त्यांचा बहुतेक माल मीच घेते, त्यामुळे पाय उचलत नव्हता.

अंगणात काका घमेल्यात चुरा कालवत होते. ते पाणी आणायला उठले, तशी काकूंनी पाठीमागून मातीचा लठ्ठ गोळा काढून घमेल्यात दाबला. मी बघतच राहिले.

"बोलू नकोस हं," काकू कुजबुजल्या. "आजारपणानंतर यांच्या मुठीत जोर नाही राहिला. गोळा फुटला की खचतात गं. जास्त मातीने टिकतो. त्यांना माहीत नाही."

काका आले, काकू खळ ढवळायला आत गेल्या. तोच काकांनी आणखी एक ओंजळ माती लोटली.

"काकूला सांगू नकोस. मूठ गेली हे कळलं तर ती मला घरी बसवेल. आणि बसलो की संपलो मी."

हसावं की रडावं कळेना. एकाला सांगावं तर दुसऱ्याचं बिंग फुटतं, गप्प बसावं तर माझ्या पाण्याला आधण येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

काकांनी एक वाळलेला गोळा उचलून फरशीवर आपटला. टवकासुद्धा उडाला नाही.

"बघ! आहे की नाही अजून जोर?"

"आहेच मुळी," काकू आतून म्हणाल्या.

काकांचा चेहरा असा काही फुलला की मला बघवेना.

"तू काय सांगायला आली होतीस, पोरी?"

"दोन टोपल्या द्या," मी म्हणाले.

पाणी कशावर तापवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.