आत्याच्या न्हाणीतल्या मुंग्या

ऐंशी सालाच्या सुमारास मी पोलादपुरात एका डॉक्टरांकडे लघवी तपासायच्या कामाला लागलो. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर भरपूर. एवढंच काम, पण महाडला बीएस्सी केलेलं असल्यामुळे मी ते अणुबॉम्ब बनवत असल्याच्या थाटात करत असे.

भाताच्या लावणीनंतर कापडे गावची माझी आत्या पायाची जखम घेऊन आली. जखम भरतच नव्हती. मी म्हणालो, "साखर असणार. सकाळची लघवी बाटलीतून आण."

"साखर नाय रे मला. माज्या न्हाणीत मुंगी फिरकत नाय."

लघवीला मुंग्या लागतात की नाही यावरूनच साखर ओळखायची तर मी शिकलो कशाला, असं मी तिला सुनावलं. दवाखान्यात चार माणसं बसली होती, म्हणून जरा मोठ्यानेच.

दुसऱ्या दिवशी नळी अशी लाल झाली की मला आनंद झाला. सख्ख्या आत्याला साखर निघाली याचा आनंद! आजही आठवलं की कान गरम होतात. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा. लाल ते आणखी किती लाल होणार, असं म्हणून मी ते टाळलं आणि आत्याचा भात बंद केला.

चारी बाजूंना भातखाचरं आणि ही एकटी नाचणीची भाकरी खातेय. गौरीचा नैवेद्य तिने रांधला, पण स्वतः खाल्ला नाही. जखम आपोआप भरली, त्याचं श्रेयही मीच घेतलं. कापणी झाली, तेव्हा ती म्हणाली, "नवा भात नुसता चाखू का रे?" मी नाही म्हणालो.

त्याच सुमारास डॉक्टरांनी मुंबईहून नव्या पट्ट्या आणल्या. टोकाला साखर ओळखणारं काहीतरी लावलेलं. लघवीत बुडवायची, साखर असेल तर रंग बदलतो. दिवा नको, नळी नको. ऐट मिरवायला मी त्या घेऊन कापड्याला गेलो आणि आत्याला दवाखान्यातली स्वच्छ बाटली दिली. पट्टीचा रंग बदलला नाही. दुसरीचाही नाही, तिसरीचाही नाही. मी मुंबईच्या मालाला नावं ठेवू लागलो.

मग कधी नव्हे ते डोकं चाललं. "तेव्हा कशातून आणली होतीस?"

तिने फळीवरची बाटली दाखवली. ती मी लगेच ओळखली. कुडपणच्या रानातला मध तिने आमच्याकडे त्याच बाटलीतून पाठवला होता. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून आईने तळाशी दोन बोटं मध ठेवला, आणि ती बाटली कापड्याला नेऊन दिली मीच.

"धुतली नव्हतीस?"

"इसाळली होती की."

म्हणजे मी साखर शोधली ती आईच्या मधातली. तीन महिने भाताविना राहिली आत्या.

"चुकलो गं आत्या," मी म्हणालो. मला रडू आलं. उठून तिने नव्या तांदळाचा भात टाकला, मला वाढला आणि स्वतःही घेतला. पहिला घास मात्र तिने उचलून न्हाणीच्या उंबऱ्यावर ठेवला.

"हा मुंग्यांचा," ती म्हणाली. "त्या खरं सांगत व्हत्या."