एकाच गोणीतला मुद्देमाल

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी पोहण्याच्या तलावाजवळून जाताना क्लोरीनचा वास आला की धुळे जिल्ह्यातली ती केस डोळ्यांपुढे उभी राहते. नावं सांगत नाही. माणसं हयात आहेत आणि एकमेकांच्या शेजारी राहतात.

सोनगीरच्या पुढे एक गाव. सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात फोन आला, "पाण्याच्या टाकीखाली बॉम्ब फुटला." जाऊन पाहिलं तर टाकीखालच्या खोलीचा पत्रा उडालेला, प्लॅस्टिकच्या ड्रमच्या चिंधड्या झालेल्या आणि घसा धरणारा वास. गावाला पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा शिपाई जखमी होता. हात भाजलेला, डोळे सुजलेले. शुद्धीवर होता, पण विचारलं की "मला काही माहीत नाही" एवढंच म्हणायचा.

दुपारी खबऱ्याने नाव आणलं. भुसावळला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी करून गावी परतलेले एक नाना. आठवड्यापूर्वी नळाला पाणी कमी येतं म्हणून त्यांचं शिपायाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. स्फोटकांचा माणूस आणि ताजं भांडण! मला तर केस सुटल्यासारखीच वाटली. खोटं कशाला बोलू?

नानांना चौकशीला बोलावलं. त्यांच्या मुलाची सरकारी नोकरी पक्की व्हायची होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. बापावर स्फोटाचा गुन्हा आणि त्यात मुलाचं नाव ओढलं गेलं, तर नोकरी गेल्यात जमा होती. नानांना ते माहीत होतं. मीही तो कागद मुद्दाम त्यांना दिसेल असा ठेवला होता. आज त्याची लाज वाटते.

दोन तास मी फिरवून फिरवून विचारलं. "ड्रममध्ये काय टाकलंत?" नाना एकच सांगत होते, "मी तठे गयाच नही, साहेब."

मग ते बोलता बोलता थांबले. मान वळवून हुंगू लागले. शेजारी मुद्देमालाची खोली होती.

"साहेब, तठे काय ठेयेल शे?"

मी दरडावलं, "प्रश्न मी विचारायचे."

"इचारा ना. पन पहिले ती खोली उघडा."

मुद्देमाल कारकुनाने कुलूप काढलं. आमच्या शिरस्त्याप्रमाणे एका गुन्ह्याचा माल एकाच गोणीत ठेवला होता. टाकीखालून उचललेली ब्लीचिंग पावडर आणि तिथेच सांडलेल्या पांढऱ्या गोळ्या. नमुने वेगळे सील केले होते, उरलेलं एकत्र भरलेलं. रात्रीच्या पावसाने छत अजून गळत होतं. गोणी ओलसर झाली होती आणि हात लावला तर कोमट लागली. एक हवालदार पाण्याची बादली घेऊन धावला.

"पानी नका टाकू!" नाना असे ओरडले की हवालदार जागीच थिजला. "बठ्ठा लोक बाहेर काढा."

त्यांनी तोंडाला रुमाल बांधला, कोरडी फळी मागितली आणि गोणी ओढत मोकळ्या मैदानात नेली. तिथे फाडून गोळ्या एकीकडे आणि पावडर दुसरीकडे केली. आम्ही वर्दीवाले भिंतीआड उभे होतो, आणि संशयित आमचं ठाणं वाचवत होता.

वास ओसरल्यावर ते म्हणाले, "या पोहाना तलावन्या गोया शेतस. दोन्ही क्लोरीनच, पन एक जागावर ठेवाना नही, ओल लागनी का भडका उडस. आम्हले कारखानामा पहिल्याच दिवशी शिकाडेल व्हतं."

तसाच दवाखान्यात गेलो. शिपायाला एकच विचारलं, "गोळ्या कशात ठेवल्या होत्या?" तो रडायला लागला. महामार्गावरच्या एका हॉटेलचा तलाव बंद झाला होता आणि उरलेल्या गोळ्या मालकाने त्याला देऊन टाकल्या होत्या. "फुकट जावाले नको म्हनीसन पावडरना डरममाच टाकी दिन्यात," तो म्हणाला. ड्रम आतून ओला होता. नोकरी जाईल या भीतीने तो गप्प बसला होता, आणि त्याच्या गप्प बसण्याने नाना अडकले होते.

हॉटेलात गोळ्यांची आणखी अर्धी बादली निघाली. मूळ झाकणाची, चिठ्ठी शाबूत असलेली. मालकाने ती जळगावच्या एका तलावावर पाठवली. तिथे ती कोरड्या खोलीत एकटी ठेवली गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात वापरून संपली. पिण्याच्या टाकीत त्यातली एकही गोळी पडली नाही.

संध्याकाळी मी नानांसमोर पडताळणीच्या कागदावर सही केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "आमच्या लोकांना माल वेगळा ठेवायला शिकवतो आता."

नानांनी चष्मा पुसला. "शिकाडा. पन साहेब, आज वास उना म्हनीसन तुम्ही मन्हं आयकं. वास नसता उना ते?"

त्यांची जुनी नोकरी आणि नळावरचं भांडण ही दोन्ही मीच एका गोणीत भरली होती, आणि गोणी शिवायला घेतली होती. त्यानंतर कुणाचाही जबाब लिहिताना मी आधी विचारायचो, यातल्या कशाचा कशाशी खरंच संबंध आहे? नानांचा मुलगा आज त्या नोकरीत आहे. तो भेटला की वाकून नमस्कार करतो. मी त्याला प्रत्येक वेळी सांगतो, आधी वडिलांना कर.