आमच्या चौथीत आलेलं चीनचं गणित

शाळेत हजेरीचं रजिस्टर असतं, पोषण आहाराचं असतं, स्टॉकचं असतं. किश्शांचं नसतं. ते नुसते साचत जातात, आणि एखाद्या दिवशी चार मास्तर चहाला बसले की बाहेर पडतात. सडक अर्जुनीहून हायवे सोडून आत आलं की आमची शाळा लागते. इथे यंदा जे किस्से साचले, ते सगळे गणिताचे आणि बरेचसे चीनचे. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

त्याला कारण होतं. मागच्या चाचणीत माझी चौथी वजाबाकीत साफ झोपली होती. पुन्हा तपासणी लागणार होती. पट आधीच घसरलेला, गावातल्या पोरांना न्यायला कॉन्व्हेंटची व्हॅन येऊ लागलेली. मुख्याध्यापक बिसेन सर रोज एकच म्हणायचे, "मॅडम, या टाइमले गणित गेलं तं शाळा गेली समजा."

---

सुरुवात तालुक्याच्या प्रशिक्षणापासून झाली. बाहेरून आलेल्या साहेबांनी पडद्यावर चीनमधला एक वर्ग दाखवला. पोरं भराभर तोंडी हिशेब करत होती. साहेबांनी विचारलं, "ही मुलं गणितात पुढे का, सांगा बरं?"

कोणी म्हणालं शिस्त, कोणी म्हणालं आईबाप. मागून एक जण म्हणाला, "सर, भाताच्या शेतीनं. भाताले चिकाटी लागते."

आमच्या पाचवीचे कटरे गुरुजी उठून उभे राहिले. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "सायेब, भात तं आमच्याकडंबी पिढ्यान्‌पिढ्या पेरून राहिले, आन् दोन्ही टाइम खाऊनबी राहिले. मंग आमचं काऊन अडलं?"

हॉल हसला. मी हसले नाही. तोच प्रश्न मला घरापर्यंत छळत होता.

---

योगायोग असा की बिसेन सरांची मुलगी पल्लवी चीनमध्ये एमबीबीएस करून नुकतीच परतली होती. मी तिला शाळेत बोलावलं. म्हटलं, बाई, तू तिथे सहा वर्षं राहिलीस, नेमकं काय करतात ते तरी सांग.

पल्लवीनं माझ्या वर्गातल्या सुहानीला फळ्यापाशी बोलावलं आणि सांगितलं, "पंचेचाळीस लिही."

सुहानीनं चोपन्न लिहिले. हे तिचं नेहमीचंच. पंचेचाळीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून ती पाच आधी लिहायची. तीस पोरांत निम्म्यांचं हेच होतं, आणि मी वर्षभर त्याला 'दुर्लक्ष' म्हणत आले होते.

पल्लवी म्हणाली, "तिकडं पंचेचाळीसले 'चार दहा पाच' म्हणतात. अकराले 'दहा एक'. जसं बोलतात तसंच लिहितात." मग सुहानीकडे वळून म्हणाली, "आता लिही, चार दहा पाच."

सुहानीनं बरोबर लिहिलं. मग 'सात दहा नऊ' लिहिलं, 'सहा दहा नऊ' लिहिलं. एकोणऐंशी आणि एकोणसत्तर म्हटलं की रडकुंडीला येणारी पोरगी शहाण्णवपर्यंत न थांबता गेली. वर्षभर मी या पोरीला काय काय बोलले होते ते सगळं आठवत होतं.

---

आठ दिवसांत अख्खा वर्ग तसाच बोलायला लागला. एका दुपारी पोषण आहाराच्या ताईंनी सुहानीला विचारलं, "आज चौथीची किती ताटं लावू?"

सुहानी म्हणाली, "दोन दहा सहा."

ताईंनी काही न विचारता सव्वीस ताटं मांडली. बिसेन सर व्हरांड्यातून बघत होते. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ताईले समजलं. तपासणीच्या सायबाले समजन का?"

दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही नावं एकत्र म्हणून घ्यायला लागले, 'चार दहा पाच, पंचेचाळीस'. पोरांचा गोंधळ वाढतोय की कमी होतोय, तेच कळेना.

---

पल्लवीनं आणखी एक सांगितलं होतं. तिथे मास्तर एकमेकांच्या वर्गात मागे बसतात, तास बघतात आणि नंतर त्यावर बोलतात. आम्ही ठरवलं, आपणही बसू. पहिला नंबर कटरे गुरुजींचा.

तीस वर्षं फळा गाजवलेला माणूस, पण आम्ही मागे बसलो आणि त्यांच्या हातून खडू दोनदा निसटला. भागाकार चालू होता. तेवढ्यात एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, बेरीज, वजाबाकी, गुणाकार उजवीकडून करतो. मंग भागाकारच डावीकडून काऊन?"

गुरुजी फळ्याकडून वळले. मला वाटलं, आता ओरडतात. ते म्हणाले, "मले नाई मालूम. मी आजवर इचारच नाही केला."

दुसऱ्या दिवशी ते आगपेटीच्या काड्या घेऊन आले. दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या, म्हणजे बावन्न. चार पोरींना पुढे बोलावून म्हणाले, "वाटा." पोरींनी आधी सुट्या दोन घेतल्या. त्या चौघींत पुरेनात. मग एकेक जुडी घेतली. एक जुडी उरली, ती सोडली, तेव्हा सुट्या बारा झाल्या आणि तीन-तीन मिळाल्या.

"समजलं काऊन?" गुरुजींनी विचारलं. "मोठं आंधी वाटा लागते. उरलेलं सोडून लहान्यात मिसळवा लागते." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "नोकरी संपत आली तवा समजलं मले."

---

आता तुम्हाला वाटेल चीनमध्ये सगळं छानच. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. एकदा बिसेन सरांच्या घरी चहा पिताना मी पल्लवीला तसं म्हटलं.

ती म्हणाली, "चांगलं हे, की पोरगं चुकलं तर त्याले डोकं नाही असं कोणी म्हणत नाही. मेहनत कमी पडली म्हणतात. आन् वाईटबी तेच." मग तिनं हॉस्टेलच्या मैत्रिणीचं सांगितलं. ती चिनी मुलगी लहानपणी गणितात सत्त्याण्णव मार्क घेऊन घरी गेली, तर आईनं विचारलं, "तीन कुठं गेले?" ती मुलगी आता डॉक्टर झाली आहे. इंजेक्शनचा डोस पाच-पाच वेळा तपासते, तरी सहाव्यांदा बघते.

बिसेन सर म्हणाले, "असं कोणी विचारते का लेकराले?"

पल्लवी कपात बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलं होतं."

सरांनी चहा तसाच ठेवला. त्या दिवसापासून 'शाळा गेली समजा' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

---

आणि मग तपासणी आली. साहेब तरुण होते, घाईत होते. यादीतून त्यांनी नेमकं सुहानीचंच नाव घेतलं.

फळ्यावर गणित लिहिलं, चारशे दोन वजा एकशे सत्तावन्न. सुहानीनं उत्तर लिहिलं, तीनशे पंचावन्न. जिथे वरचा आकडा लहान, तिथे तिनं सरळ खालच्यातून वरचा वजा केला होता. साहेबांनी फॉर्मवर पेन टेकवला. "ठीक आहे, बस."

सुहानी बसली नाही. "थांबा सर," ती म्हणाली. "मले पाहू द्या."

तिनं तीनशे पंचावन्नमध्ये एकशे सत्तावन्न मिळवले. पाचशे बारा आले. ती फळ्याकडे बघत राहिली. साहेबांनी घड्याळ बघितलं, बिसेन सरांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात कटरे गुरुजींनी दारातूनच हातानं मला थांबवलं.

मग सुहानीनं काड्यांची जुडी सोडावी तसा एक शंभर सोडला, त्यातला एक दहा सोडला, आणि सावकाश लिहिलं, दोनशे पंचेचाळीस. पुन्हा मिळवून पाहिलं. चारशे दोन आले.

साहेबांच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, 'येते' आणि 'येत नाही'. त्यांचा पेन दोन्हींच्या मध्ये थांबला. मग फॉर्म तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "बाळा, तूच खूण कर."

सुहानीनं दोन्ही रकाने वाचले आणि विचारलं, "सर, कवाचं लिवू? आंधीचं का आताचं?"